भर दुपारी विमानावर लुकलुकणारा दिवा कशाला? उत्तर दुधाच्या थेंबाचा फोटो काढणाऱ्या माणसाकडे आहे

अमेरिकेत लोक घरच्या गॅरेजमध्ये विमान बांधतात.

खेळण्यातलं नाही, रिमोटवर उडणारंही नाही. आत बसून उडवायचं खरंखुरं विमान. किट विकत आणायचं, नाहीतर नुसते नकाशे आणायचे आणि पुढची काही वर्षं सुट्टीचा प्रत्येक दिवस पत्र्याला रिव्हेट मारण्यात घालवायचा. निम्म्याहून जास्त काम हौसेने स्वतः केलेलं असलं की सरकार त्या विमानाला प्रायोगिक म्हणून उडण्याचं प्रमाणपत्र देतं. १९५३ मध्ये मिलवॉकी शहरात या हौशी मंडळींची संघटनाच निघाली. तिचं नाव एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन. आपल्याकडे मुंबईत चारकोपच्या इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव आठवतात का? साधारण तोच किडा.

तर असं विमान बांधताना एक प्रश्न हमखास पडतो. विमान फक्त दिवसाच उडवायचं असेल, तर पंखाच्या टोकाला तो लख्खकन चमकणारा दिवा बसवायचा की नाही?

दिवा म्हटला की पैसे आले, वजन आलं, पंखातून वायर ओढणं आलं. शिवाय डोक्यावर सूर्य तळपत असताना दिवा कोणाला दिसणार, अशी शंका येतेच.

अमेरिकेचा नियम यावर काय म्हणतो? कारखान्यात बनून नेहमीचं प्रमाणपत्र मिळालेलं छोटं विमान ११ मार्च १९९६ नंतर मंजूर झालेलं असेल, तर दिवसा उडायलाही हा टक्करविरोधी दिवा लागतो. घरी बांधलेलं विमान प्रायोगिक गटात येतं, म्हणून फक्त दिवसा उडणाऱ्या अशा विमानाला ही सक्ती लागू होत नाही. रात्री उडायचं म्हटलं की मात्र सुटका नाही.

पण गंमत पुढे आहे. दिवा बसवायची सक्ती नाही, पण एकदा बसवला की तो चालू ठेवायची सक्ती आहे! भर दुपारी बारा वाजतासुद्धा. दिवा चालू ठेवल्याने उलट धोका वाढतोय असं वैमानिकाला वाटलं, समजा ढगावरून उजेड परत त्याच्याच डोळ्यांवर येतोय, तरच तो बंद करता येतो.

म्हणजे सरकारचं म्हणणं असं झालं की दिवसा हा दिवा नसला तरी चालेल, पण असला तर तो उपयोगाचा आहे. हे कोडं समजून घ्यायचं तर हा दिवा कुठून आला ते बघावं लागतं. आणि ते बघायला गेलं की गाठ पडते डॉ. हॅरॉल्ड एजर्टन यांच्याशी. सगळं जग त्यांना डॉक म्हणायचं.

तुम्ही त्यांचं नाव ऐकलं नसेल, पण त्यांचे फोटो नक्की पाहिलेत. दुधाचा थेंब पडल्यावर उडालेला मुकुट. सफरचंदातून आरपार जाणारी बंदुकीची गोळी. ते फोटो काढणारे हेच.

हॅरॉल्डचा जन्म ६ एप्रिल १९०३ चा, अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या फ्रीमॉंट गावचा. तो मोठा झाला तो त्याच राज्यातल्या ऑरोरा नावाच्या छोट्या गावात. नेब्रास्का म्हणजे मक्याची शेतं आणि लांबच लांब सपाट जमीन. त्याचा काका फोटोग्राफर होता. काकाच्या नादाने पोरगं फोटो काढायला शिकलं आणि घरातच त्याने डार्करूम थाटली.

दुसरा नाद विजेचा. शाळेच्या सुट्टीत तो गावच्या वीज कंपनीत कामाला जायचा. सुरुवातीला काम होतं झाडलोटीचं. पण पहिल्या महायुद्धामुळे माणसं कमी पडली होती, म्हणून या पोराला लाइनमनच्या हाताखाली खांबावर चढवलं. वादळात तुटलेल्या तारा जोडताना वीज कशी वागते ते त्याला कळलं. कॅमेरा आणि वीज, पुढचं सगळं आयुष्य या दोनच गोष्टींवर गेलं.

१९२५ मध्ये नेब्रास्का विद्यापीठातून तो इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाला. वर्षभर जनरल इलेक्ट्रिक कंपनीत काढलं आणि १९२६ मध्ये बोस्टनजवळच्या एमआयटीत दाखल झाला. १९२८ मध्ये गावाकडच्याच एस्थर गॅरेटशी लग्न केलं. नंतरचं सगळं आयुष्य एमआयटीतच गेलं.

इथे त्यांच्या अभ्यासाचा विषय होता विजेच्या मोठ्या मोटारी. वीजपुरवठ्यात अचानक झटका आला की मोटारीचा फिरणारा भाग नेमका काय करतो, हे त्यांना बघायचं होतं. पण मिनिटाला शेकडो फेरे घेणारी गोष्ट डोळ्यांना दिसणार कशी? नुसता भुरका दिसतो.

झालं असं की प्रयोगशाळेत पाऱ्याच्या वाफेची एक नळी होती आणि ती ठरावीक वेळाने चमकत होती. तिच्या उजेडात मोटारीकडे नजर गेली, तर गरगर फिरणारा भाग चक्क थांबलेला दिसला.

तुम्हीही हे पाहिलंय. जुन्या ट्यूबलाइटखाली फिरणारा पंखा कधी कधी थांबल्यासारखा किंवा उलटा फिरल्यासारखा वाटतो, तोच हा प्रकार. पंखा एक फेरी पूर्ण करून त्याच जागी आला की उजेड पडतो. मधल्या वेळात काय झालं ते डोळ्यांना दिसतच नाही, म्हणून पंखा थांबलाय असं वाटतं. गणपतीत डीजेच्या गाडीवरचा दिवा लुकलुकतो आणि नाचणारी माणसं तुकड्यातुकड्यात हलताना दिसतात, त्यातही हेच आहे.

ही कल्पना एजर्टन यांची नव्हती. १८५१ मध्ये इंग्लंडच्या फॉक्स टॅल्बॉट यांनी गरगर फिरणाऱ्या चाकावर वर्तमानपत्राचा तुकडा चिकटवून, विजेच्या एका ठिणगीच्या उजेडात त्याचा फोटो काढला होता. एजर्टन यांनी केलं ते असं की, या ठिणगीला नळीत बंद करून कामाला लावलं. कधी, किती वेळा आणि किती जोरात चमकायचं हे सगळं माणसाच्या ताब्यात आणलं. १९३१ मध्ये त्यांना याच कामावर डॉक्टरेट मिळाली.

आता ही नळी चालते कशी ते थोडक्यात बघू, कारण पुढे विमानाच्या पंखावर तीच येणार आहे.

एक कपॅसिटर घ्यायचा. कपॅसिटर म्हणजे विजेची टाकी समजा. हळूहळू भरायची आणि क्षणात रिकामी करायची. त्यात काहीशे व्होल्टचा दाब साठवायचा. समोर काचेची नळी, आत झेनॉनसारखा वायू. एरवी हा वायू वीज जाऊ देत नाही. पण नळीच्या बाहेरून काही हजार व्होल्टचा बारीकसा झटका दिला की वायूची वाट मोकळी होते आणि टाकीतली सगळी वीज एकदम नळीतून धावते. लख्ख पांढरा उजेड पडतो आणि विझतोही. कॅमेऱ्याच्या जुन्या फ्लॅशमधून बारीक शिट्टीसारखा आवाज यायचा ना? तो ही टाकी भरत असल्याचा आवाज.

अगदी साध्या भाषेत, कमी वीज जास्त वेळ साठवायची आणि अत्यंत कमी वेळात उधळायची.

डॉक मोटारींवरच थांबले असते तर आपण हा लेख लिहीत नसतो. एमआयटीतच चार्ल्स स्टार्क ड्रेपर नावाचे एक संशोधक होते, ज्यांच्या प्रयोगशाळेने पुढे अपोलो यानाला चंद्राची वाट दाखवणारी यंत्रणा केली. त्यांनी डॉकना मोटारी सोडून आजूबाजूच्या रोजच्या वस्तूंवर हा उजेड पाडून बघायला सुचवलं. डॉकनी नळाची धार घेतली. आपल्याला सरळ दोरीसारखी दिसणारी धार प्रत्यक्षात सुट्या सुट्या थेंबांची माळ निघाली.

मग सुटलेच ते. दुधाचे थेंब, हवेतच फुलाशी थांबणारा हमिंगबर्ड, फुटबॉलला बसलेली लाथ, फुटणारा फुगा. केनेथ जर्मेशॉसेन आणि हर्बर्ट ग्रिअर हे दोन विद्यार्थी त्यांचे भागीदार झाले. दुधाच्या थेंबाचा फोटो न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९३७ मध्ये आपल्या पहिल्या मोठ्या फोटो प्रदर्शनात लावला. १९४० मध्ये हॉलिवूडच्या एमजीएमने त्यांच्या कामावर एक लघुपट काढला आणि त्याला ऑस्कर मिळालं. इंजिनिअर माणसाच्या प्रयोगशाळेवरच्या फिल्मला ऑस्कर, आपल्या एकाही प्रॅक्टिकलच्या जर्नलला हे भाग्य लाभलं नाही.

गंमत म्हणजे डॉकना स्वतःला कलाकार म्हणवून घेणं पसंत नव्हतं. त्यांना फक्त काय घडतं ते बघायचं होतं.

आणि मग युद्ध आलं.

१९३९ मध्ये अमेरिकी लष्कराच्या हवाई दलातले मेजर जॉर्ज गोडार्ड डॉककडे आले. त्यांची अडचण अशी होती की शत्रू सैन्य हलवतो रात्री, आणि विमानातून फोटो काढता येतात दिवसा. रात्री फोटो काढायचे तर विमानातून स्फोटक पावडरचे फ्लॅश बॉम्ब खाली टाकावे लागायचे. ते नेता येणार मोजकेच, आणि स्वतःच्याच विमानात स्फोटकं घेऊन बसायचं ते वेगळं.

डॉकनी खोलीभर पुरणारा आपला फ्लॅश एवढा मोठा केला की विमानातून खालची जमीन उजळून निघावी. जडच्या जड कपॅसिटर विमानात भरले. पावडर नको, बॉम्ब नको. टाकी भरली की पुन्हा फ्लॅश, जितके फोटो हवेत तितके. चाचणी घेताना इंग्लंडमधल्या स्टोनहेंजच्या त्या प्रसिद्ध उभ्या दगडांचा रात्रीच्या अंधारात आकाशातून फोटो काढला. तो आजही बघण्यासारखा आहे.

या दिव्याची खरी परीक्षा झाली ती ५ जून १९४४ च्या रात्री. दुसऱ्या दिवशी सकाळी दोस्त राष्ट्रांचं सैन्य फ्रान्समध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरणार होतं. जर्मनांना सुगावा लागला असेल का, त्यांचं सैन्य किनाऱ्याकडे सरकतंय का, हे कळणं गरजेचं होतं. ढगाळ हवेत विमानं खालून उडाली आणि डॉकच्या फ्लॅशने त्यांनी रस्त्यांचे आणि नाक्यांचे फोटो घेतले. फोटोंत रस्ते रिकामे होते. जर्मन सैन्य हललेलं नव्हतं.

या कामासाठी १९४६ मध्ये त्यांना मेडल ऑफ फ्रीडम मिळालं.

युद्ध संपल्यावरची गोष्ट मात्र एवढी सरळ नाही. १९४७ मध्ये डॉक आणि त्यांच्या दोन भागीदारांनी आपली कंपनी रीतसर नोंदवली. तिघांच्या आडनावांवरून नाव ठेवलं ईजीअँडजी. अतिशय नेमक्या क्षणी अतिशय मोठा विजेचा झटका द्यायचा, यात जगात त्यांच्याइतकं तरबेज कोणी नव्हतं. अणुबॉम्बलाही नेमकं तेच लागतं. नेवाडाच्या वाळवंटात आणि पॅसिफिकच्या बेटांवर झालेल्या अणुचाचण्यांमध्ये वेळेची आणि स्फोट घडवण्याची यंत्रणा या कंपनीने सांभाळली.

त्या स्फोटांचे फोटो काढायला डॉकनी रॅपाट्रॉनिक नावाचा कॅमेरा केला. त्याच्या शटरला हलणारा भागच नव्हता, कारण कुठलंही पान किंवा पडदा एवढ्या वेगाने हलूच शकत नाही. एक कॅमेरा एकच फोटो काढायचा, म्हणून रांगेने कॅमेरे लावायचे. स्फोटाच्या पहिल्या क्षणातला तो आगीचा गोळा, फोड आल्यासारखा आणि खालून सोंडा फुटलेला, बघितला की अंगावर काटा येतो. दुधाच्या थेंबावर प्रेम करणाऱ्या माणसानेच हे फोटो काढलेत, हे पचायला जड जातं. डॉकच्या कौतुकाच्या लेखांमध्ये हा भाग बहुतेक वेळा दोन ओळींत उरकतात, म्हणून आम्ही मुद्दाम थांबलो.

आता परत विमानांकडे येऊ.

३० जून १९५६. सकाळचे साडेदहा वाजले होते. अमेरिकेतल्या ग्रँड कॅनियन दरीवर दोन प्रवासी विमानं एकमेकांवर आदळली. एक टीडब्ल्यूएचं, दुसरं युनायटेडचं. १२८ माणसं गेली, एकही वाचलं नाही. रात्र नव्हती, लख्ख उजेड होता. त्या काळात त्या भागात विमानांवर रडारची नजर नव्हती, वैमानिकांनी काचेतून बघायचं आणि एकमेकांना चुकवायचं अशीच पद्धत होती. या अपघातानंतर ओरड झाली आणि १९५८ मध्ये अमेरिकेने विमान वाहतुकीचं नियमन करणारी आजची एफएए ही संस्था स्थापन करणारा कायदा केला.

२५ सप्टेंबर १९७८ ला सॅन दिएगोमध्ये तर सकाळच्या स्वच्छ हवेत पीएसए कंपनीचं बोइंग आणि एक छोटं सेसना विमान धडकलं. जमिनीवरच्या सात जणांसह १४४ मृत्यू.

भारतात हवेतली टक्कर म्हटलं की आपल्याला १९९६ ची चरखी दादरीची आठवते, ३४९ मृत्यू. ती संध्याकाळी झाली होती. पण छोट्या विमानांच्या टकरी बहुतेक दिवसाच होतात, त्याही चांगल्या हवेत आणि विमानतळाच्या आसपास. कारण साधं आहे, छोटी विमानं उडतात ती दिवसा आणि चांगल्या हवेत, आणि गोळा होतात ती विमानतळाजवळ.

मग प्रश्न पडतो, एवढ्या उजेडात समोरचं विमान दिसत कसं नाही?

इथे डोळ्यांची एक खोड आहे. आपल्या डोळ्यांना, विशेषतः नजरेच्या कडेला, हललेलं पटकन कळतं. मांजर कोपऱ्यातून गेलं की मान आपोआप वळते. पण ज्या विमानाशी तुमची टक्कर होणार आहे, ते तुमच्या काचेवर हलतच नाही! दोघेही सरळ रेषेत, एकाच वेगाने एकाच बिंदूकडे निघाले असतील, तर समोरचं विमान काचेवर एकाच जागी चिकटलेल्या ठिपक्यासारखं राहतं. काचेवर सरकणारं विमान तुम्हाला चुकवून जाणार असतं. थांबलेला ठिपका हा खरा धोका. आणि तो ठिपका बराच वेळ ठिपकाच राहतो, शेवटच्या काही सेकंदांत एकदम मोठा होतो.

थोडा हिशोब करू. दोन छोटी विमानं ताशी २०० किलोमीटरने समोरासमोर येतायत. म्हणजे अंतर ताशी ४०० ने, सेकंदाला १११ मीटरने कमी होतंय. एफएएच्या मार्गदर्शक पत्रकात म्हटलंय की समोरची वस्तू दिसल्यापासून ती विमान आहे, आपल्याला आदळणार आहे हे कळून, निर्णय घेऊन विमान वळेपर्यंत साधारण साडेबारा सेकंद जातात. म्हणजे ते विमान किमान १४०० मीटरवर असतानाच दिसायला हवं. घरी बांधलेल्या दोन माणसांच्या विमानाचे पंख समोरून सुरीच्या पात्यासारखे दिसतात, बाकी राहतं ते मीटरभर रुंदीचं धूड. १४०० मीटरवरून ते केवढं दिसेल? १४ मीटरवर ठेवलेल्या शेंगदाण्याएवढं.

हा शेंगदाणा हलत नाही. पण तो चमकू शकतो.

डॉकनी आयुष्यभर हलणाऱ्या गोष्टी थांबवायला जो उजेड वापरला, तोच इथे उलट्या कामाला लागतो. न हलणाऱ्या ठिपक्यात काहीतरी बदलतंय असं डोळ्यांना जाणवून द्यायचं. आधी विमानांवर फिरता लाल दिवा असायचा. नंतर झेनॉनच्या नळ्या आल्या आणि पंखांच्या टोकांना, शेपटीला पांढरा लखलखाट सुरू झाला. विमानाचे दिवे डॉकनी तयार केले असं नाही, ते काम दिवे बनवणाऱ्या कंपन्यांचं. पण आतली टाकी, नळी आणि झटका हे सगळं त्यांनी घडवलेल्या तंत्रातलं.

या दिव्याचं माप कसं घेतात तेही भारी आहे. क्षणभर चमकलेला दिवा डोळ्यांना सतत जळणाऱ्या केवढ्या दिव्याइतका वाटतो, याचं सूत्र ब्लाँडेल आणि रे या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९११ मध्ये दिलं. अमेरिकी नियमात ते जसंच्या तसं आहे. नियम म्हणतो की दिवा मिनिटाला ४० ते १०० वेळा लुकलुकला पाहिजे. आधी तो १०० कॅन्डेला इतका वाटला तरी चालायचं, १९७० च्या दशकात विमानाच्या समपातळीत ४०० कॅन्डेला हवा असं ठरलं. आता झेनॉनचा दिवा सेकंदाचा हजारावा भागच चमकत असेल, तर या सूत्राने ४०० वाटण्यासाठी त्या क्षणी तो तब्बल ८० हजार कॅन्डेलाने पेटावा लागतो. एलईडी सेकंदाचा पाचवा भाग पेटत असेल तर त्याला ८०० पुरतात. म्हणूनच आता एलईडी आले आणि झेनॉन मागे पडतोय.

घरी विमान बांधणाऱ्यांनी एलईडी आनंदाने स्वीकारला, त्याला आणखी कारणं आहेत. झेनॉनची टाकी भरताना जो किणकिणाट होतो, तो वायरिंग नीट झाकलेलं नसेल तर वैमानिकाच्या हेडफोनमध्ये शिट्टीसारखा ऐकू येतो. टाकीला वजन आहे, ती वीजही खाते. आणि बटण बंद केल्यावरही तिच्यात जीव घेण्याइतकी वीज शिल्लक राहू शकते. गॅरेजमध्ये स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलेल्या हौशी माणसासाठी हे काही बरं नाही.

मग शेवटी दिवसा हा दिवा उपयोगाचा आहे का?

खरं सांगायचं तर तळपत्या उन्हात, चकचकीत आकाशासमोर, फार नाही. ४०० कॅन्डेला रात्री भरपूर, पण दुपारी सूर्याशी स्पर्धा आहे. ढगाळ हवा असेल, धुरकट असेल, मागे डोंगराची गडद पाठ असेल किंवा दिवस कलायला लागला असेल, तेव्हा तो दिसतो. दिवसा उडणाऱ्याचं विमानही कधीतरी उशिरा परततंच, ढगाखालीही येतं. समोरून येणाऱ्याला दिसायचं तर उतरताना लावायचा पुढचा दिवा जास्त कामाचा, म्हणूनच एफएए वैमानिकांना दहा हजार फुटांखाली आणि विमानतळाच्या दहा मैलांच्या आत तो दिवसाही लावायचा सल्ला देते. कित्येक हौशी लोक दोन पंखांवरचे असे दोन दिवे आलटून पालटून लुकलुकते ठेवतात. पण हा दिवा फक्त समोरून दिसतो. बाजूने आणि मागून येणाऱ्यासाठी पंखाच्या टोकाचाच दिवा असतो.

आमचं मत विचाराल तर बसवावा. काही हजार रिव्हेट मारणाऱ्या माणसाने आणखी दोन दिव्यांसाठी हात आखडता घेऊ नये. फक्त दिवा लावलाय म्हणून मान वळवून आकाश बघायचं सोडू नये, एवढंच.

डॉक तोपर्यंत समुद्रात उतरले होते. १९५३ पासून ते फ्रेंच संशोधक जाक कूस्तो यांच्या कॅलिप्सो जहाजावर जाऊ लागले. जिथे सूर्याचा उजेड पोचत नाही तिथे फोटो काढायचे, म्हणजे पुन्हा फ्लॅशच. जहाजावरच्या लोकांनी त्यांचं नाव ठेवलं पापा फ्लॅश. पुढे त्यांनी आवाजाच्या लहरींनी समुद्रतळ बघायची यंत्रं केली आणि १८६२ मध्ये बुडालेली अमेरिकेची मॉनिटर ही लोखंडी युद्धनौका १९७३ मध्ये शोधणाऱ्या तुकडीत वयाच्या सत्तरीत सामील झाले. त्याच वर्षी त्यांना नॅशनल मेडल ऑफ सायन्स मिळालं.

एमआयटीतून ते १९६८ मध्ये रीतसर निवृत्त झाले, पण प्रयोगशाळेत यायचं काही थांबलं नाही. विद्यार्थ्यांना त्यांच्या खोलीत थेट घुसायची मुभा होती. खिशात कायम आपल्या फोटोंची पोस्टकार्डं असायची, भेटेल त्याच्या हातात एक टेकवायचे. सफरचंदातून जाणारी गोळी जगभर घरोघरी पोचली, त्यात या पोस्टकार्डांचाही वाटा आहे.

४ जानेवारी १९९० रोजी एमआयटीच्या प्राध्यापकांच्या क्लबमध्येच त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि तिथेच ते गेले. वय ८६.

नेब्रास्कात त्यांच्या ऑरोरा गावी आता त्यांच्या नावाचं मुलांसाठीचं विज्ञान केंद्र आहे. आणि एमआयटीत चौथ्या मजल्यावर त्यांच्या प्रयोगशाळेबाहेरचा लांबलचक बोळ आहे, त्याला सगळे स्ट्रोब ॲली म्हणतात. भिंतींवर त्यांचे फोटो आहेत आणि एका जागी पाण्याची धार सोडून तिच्यावर लुकलुकता दिवा लावलाय. त्या उजेडात धार तुटते आणि थेंब हवेत एकाखाली एक थांबलेले दिसतात.